साडेचौसष्ट दिवस

पृथ्वी सूर्याभोवती फिरायची थांबली, तर किती दिवसांत सूर्यात जाऊन पडेल, या प्रश्नाला माझ्या वडिलांचं उत्तर होतं : साडेचौसष्ट. चिंचणीच्या हायस्कुलात दर विज्ञान दिनाला, म्हणजे अठ्ठावीस फेब्रुवारीला, ते नववी-दहावीच्या मुलांना हे सांगत. अकरा वर्षं सांगितलं. बाराव्या वर्षी प्रमुख पाहुण्यांनी उठून तो आकडा खोडला, फळ्यावर ब्याऐंशी लिहिले, आणि बाबा "साहेब म्हणतात तर तसं असेल" एवढं बोलून खाली बसले. त्यानंतर दहा महिन्यांनी, डिसेंबरात, ते गेले.

त्या दिवशी मी तिथे नव्हते. मी पालघरला कॉलेजात इतिहास शिकवते आणि परीक्षेची ड्यूटी होती. संध्याकाळी बाबांचा फोन आला. झालेलं सगळं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि विचारलं, "मेघाली, तुला काय वाटतं?"

मी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत होते. म्हटलं, "बाबा, ते इंजिनिअर आहेत. जाऊ द्या ना."

"बरं," ते म्हणाले. मग आईच्या गुडघ्याबद्दल थोडं बोलून त्यांनी फोन ठेवला.

पुढचे दहा महिने मी जवळजवळ दर शनिवारी घरी जात होते. तो विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. त्यांचं चुकलं असं मी धरून चालले होते. चुकलेल्या माणसाला त्याची आठवण करून देऊ नये, एवढाच माझा चांगुलपणा.

बाबा डाय करायचे. सोन्याचांदीचा पत्रा ज्या पोलादी ठशात ठोकून दागिना उठवतात, त्या ठशाला आमच्याकडे डाय म्हणतात. चिंचणीत आणि आजूबाजूच्या गावांत हे काम घरोघर चालतं. मुठीएवढा पोलादाचा ठोकळा, टांक्या म्हणजे बारीक छिन्न्या, हातोडी आणि डोळ्याला भिंग. ठोकळ्यात जे कोरायचं ते उलटं कोरायचं, तेव्हा ते पत्र्यावर सुलटं उठतं. वेल उजवीकडे वळायला हवी असेल तर डावीकडे वळवायची. अक्षरं असतील तर आरशात दिसतात तशी काढायची. दहावीनंतर शाळा सोडून बाबांनी पंचेचाळीस वर्षं हेच केलं. ग्रहताऱ्यांचा नाद त्यांना कधी लागला, ते त्यांनाही सांगता येत नसे. गावच्या वाचनालयातली पुस्तकं संपल्यावर मी कॉलेजच्या ग्रंथालयातून आणून द्यायची. घरात वाचणारी म्हणून नाव माझं होतं, पण पुस्तक परत देताना त्यातलं काय पटलं नाही ते पान काढून सांगणारे ते होते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेतून चारुताबाईंचा फोन आला. त्या विज्ञान शिकवतात.

"मेघालीताई, यंदा अठ्ठावीसला तुम्ही या. प्रतापकाकांबद्दल दोन शब्द बोला. मुलांना ते आठवतात."

"दोन शब्द नको. त्यांचं भाषण मी देते."

"पृथ्वी थांबली तर?"

"हो."

"द्या ना. फक्त..." त्या अडखळल्या. "आकडा नका सांगू. पाहुणे यंदाही गुंजाळ साहेबच आहेत. प्रयोगशाळेतलं निम्मं सामान त्यांनी दिलंय. पुन्हा तसं नको व्हायला."

"आकडा न सांगता ते भाषण कसं द्यायचं?"

"अहो, सूर्य मोठा दिसायला लागेल, समुद्र तापेल, उकळेल. मुलांना तेच आवडतं."

आकड्याचं मी बघते, असं सांगून मी फोन ठेवला. ठेवल्यावर लक्षात आलं की कुठला आकडा सांगायचा, तेच मला माहीत नाही. बाबा बरोबर असतील तर ते त्यांच्याच गावात, त्याच फळ्यासमोर सांगायला हवं होतं. चूक असतील तर दोन शब्द बोलून, नारळ घेऊन परत यायचं.

मी दहावीचं विज्ञानाचं पुस्तक विकत आणलं. गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात सूत्र होतं. थांबलेली पृथ्वी सूर्याच्या ओढीनं पहिल्या सेकंदाला किती सरकेल, ते काढलं : तीन मिलिमीटर. अंतर पंधरा कोटी किलोमीटर. बाकी गुणाकार, भागाकार आणि एक वर्गमूळ. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं. उत्तर ब्याऐंशी दिवस.

म्हणजे साहेबच बरोबर होते. मी वही मिटली आणि स्वयंपाकाला लागले. हातात पोळी असताना ठरवलं की शनिवारी चिंचणीला जायचं, आणि चारुताबाईंना दोन शब्दच बोलते म्हणून कळवायचं.

शनिवारी घराआधी मी कारखान्यात डोकावले. कारखाना म्हणजे आमच्या मागच्या पडवीला लागून असलेली एक खोली, दोन माणसांच्या दोन बैठका आणि खिडकीतला उजेड. एका बैठकीवर आता कोणी नव्हतं. दुसरीवर ललितकाका होते. बाबांच्या शेजारी बसून त्यांनी तीस वर्षं टांकी चालवली.

"काय गो," त्यांनी मान वर न करताच विचारलं, "भाषण देणार बोलतात तू?"

"चारुताबाई बोलल्या?"

"बाजारात बोलतात. कोलंबी घेताना कळलं मला. काय सांगणार, साडेचौसष्ट का ब्याऐंशी?"

"मी मांडून बघितलं काका. ब्याऐंशी येतात."

काकांनी भिंग कपाळावर सरकवलं. "कशानं आले?"

"पुस्तकातल्या सूत्रानं."

"मंग बराबर. तुज्या बापाला पण पहिल्यांदा तेच आलेले. दोन दिवस नुसता खूश. तिसऱ्या दिवशी येऊन बोलतो, लल्या, माती खाल्ली मी."

मी बाबांच्या बैठकीच्या कडेला टेकले. "का?"

"सूर्याच्या जवळ जाशील तशी ओढ वाढते का नाय? तू पहिल्या दिवशीची ओढ धरलीस आणि तीच घेऊन शेवटपर्यंत गेलीस. सूत्र खरं हाय, पण ते आंब्याच्या झाडावरनं पडलेल्या कैरीला. एवढ्या लांबच्याला नाय चालत."

"मग त्यांनी कसं काढलं?"

"सूत्र मला इचारू नको. दोरा दाखवतो."

लंबगोल लॉकेटची डाय करायची असली की डायमेकर आधी कागदावर लंबगोल काढून घेतो. त्याला कंपास चालत नाही. काकांनी लाकडी पाटावर कागद ठेवला, दोन टाचण्या जवळजवळ टोचल्या, दोऱ्याची दोन टोकं त्यांना बांधली आणि दोरा पेन्सिलीच्या टोकानं ताणून ती फिरवली. जवळजवळ गोल आला. मग टाचण्या थोड्या लांब नेल्या. तोच दोरा, पण आकार अंड्यासारखा. आणखी लांब नेल्यावर भेंडीसारखा, मग मिरचीसारखा. शेवटी टाचण्या इतक्या लांब नेल्या की दोरा मध्ये ताठ झाला आणि पेन्सिलीला बाजूला जायला जागाच उरली नाही. कागदावर एक रेघ उमटली.

"आता ऐक," काका म्हणाले. "ही टाचणी सूर्य. पृथ्वी बाजूला पळते म्हणून तिचा रस्ता गोल. कमी पळाली तर लंबगोल. अजून कमी, अजून चपटा. अजिबात नाय पळाली, थांबली, तर ही रेघ. तो बोलायचा, रेघ पण लंबगोलच हाय, पिचकलेला. जो नियम गोलाला तोच रेघेला."

"कुठला नियम?"

"त्या जर्मन माणसाचा. रस्त्याच्या मापावरनं फेरीचे दिवस काढायचा."

"केप्लरचा?"

"तोच. तुज्या पुस्तकात असंल बघ. पण आधी माप. दोरा नुसता आकाराला, माप खऱ्या रस्त्याचं घे. गोल असताना आरपार किती? सूर्यापासून इकडे एक हात, तिकडे एक हात. दोन. आणि रेघ? पृथ्वीपासून सूर्यापर्यंत, एकच हात. म्हणजे माप निम्मं झालं. निम्म्याचा तीनदा गुणाकार, मग त्याचं वर्गमूळ. पुढचं तू कर, मला कधी जमलं नाय. ऐकलं मात्र रोज. डबा उघडला की हा मला सूर्यात टाकायचा. डाळ थंड आणि मी भाजलेला."

मी त्याच कागदाच्या कोपऱ्यात केलं. निम्म्याचा तीनदा गुणाकार म्हणजे एक अष्टमांश. त्याचं वर्गमूळ शून्य पॉइंट तीनशे चोपन्नच्या आसपास. तेवढा भाग वर्षाचा घेतला तर एकशे एकोणतीस दिवस.

"हे एकशे एकोणतीस आले काका."

"ते जाऊन परत यायचे. आपल्याला कुठं परत यायचंय?"

एकशे एकोणतीसचे निम्मे. साडेचौसष्ट.

मी आकडा लिहून त्याच्याकडे बघत बसले. काका पुन्हा कामाला लागले होते. टांकीचे चार-पाच ठोके पडून गेल्यावर मी विचारलं, "मग त्या दिवशी त्यांनी सांगितलं का नाही?"

"चित्र उलटं काढलं ना त्यानं."

"म्हणजे?"

"पुस्तकात कसं असतं, पृथ्वी घड्याळाच्या काट्याच्या उलट्या अंगानं फिरते. यानं फळ्यावर काट्यासारखी फिरवली. बाण-बिण सगळं. पंचेचाळीस वर्षं उलटं कोरणारा हात तो. अकरा वर्षं संभाळून काढलं, त्या दिवशी बोलता बोलता गेला हात. साहेबांनी पहिलं तेच धरलं. 'चुरी, पृथ्वी उलटी फिरवलीत तुम्ही!' पोरं जी हसली. हा पुसायला फळ्याकडं वळला तर मला मागच्या बाकावरनं त्याचे कान दिसले, लालबुंद. आणि दोरा घरी राहिलेला. मंग साहेबांनी ब्याऐंशी काढले, हा खाली बसला."

"नंतर काही बोलले?"

"येताना बोलला, ज्याला पृथ्वी कुठल्या अंगानं फिरते ते काढता येत नाय, त्याचा आकडा कोण ऐकंल? उद्या जाऊन नीट सांगतो साहेबांना." काकांनी टांकीचं टोक अंगठ्यावर तपासलं. "संध्याकाळी तुला फोन केला त्यानं. मंग नाय गेला."

एवढंच ते म्हणाले. मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि घरात गेले.

आई वालाच्या शेंगा सोलत होती. मी समोर बसून सोलायला लागले आणि भाषण देणार असल्याचं सांगितलं, आकड्यासकट.

"गुंजाळ साहेबांना वाईट वाटेल," आई म्हणाली.

"थोडं वाटू दे."

"ते तेराव्याला आले होते. तासभर बसले, चहासुद्धा घेतला नाही."

"मला माहीत आहे."

"भांडू नकोस एवढंच. आणि लांबण लावू नकोस, त्या वेळेला पोरं भुकेजलेली असतात." चार शेंगा सोलून झाल्यावर तिनं विचारलं, "साडेचौसष्टच आहे ना?"

"साडेचौसष्टच."

"मला वाटलंच. मापात ते कधी चुकले नाहीत. दिशेत चुकायचे. बोईसरच्या बाजारातून बाहेर पडलो की दर वेळी मी सांगायची, स्टेशन इकडे."

अठ्ठावीस तारखेला सभागृहात नववी-दहावीचे दोनशेच्या आसपास विद्यार्थी होते. पहिल्या रांगेत गुंजाळ साहेब. चंद्रभान गुंजाळ मूळचे संगमनेरकडचे. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाले आणि बोईसरलाच राहिले. ताठ बसणारा, शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावणारा माणूस. मला बघून ते उठले आणि त्यांनी नमस्कार केला. चारुताबाईंनी माझी ओळख करून देताना दोनदा "त्यांच्या आठवणी सांगतील" असं म्हटलं.

मी आठवणी सांगितल्या नाहीत. बाबा सुरुवात करायचे तिथून केली.

"समजा, आत्ता या क्षणी पृथ्वी थांबली. स्वतःभोवती फिरतेय, पण सूर्याभोवतीची फेरी थांबली. आपल्याला काय कळेल?"

"आपण उडून जाऊ," एक मुलगा म्हणाला.

"आपल्यासकट सगळंच थांबलं असं धरू. मग?"

मीच पुढे सांगितलं.

"मग काहीच कळणार नाही. पहिल्या सेकंदाला पृथ्वी सूर्याकडे तीन मिलिमीटर सरकेल. तेवढी तर ती आत्ताही सरकतेय, दर सेकंदाला. पण त्याच एका सेकंदात ती तीस किलोमीटर बाजूला पळते. इथून पालघर. म्हणून ती पडत राहते आणि तरी सूर्यावर आदळत नाही. थांबली की पळणं गेलं, पडणं राहिलं. पहिल्यांदा हे घड्याळाला कळेल. सूर्य रोज चार मिनिटं लवकर उगवायला लागेल. पृथ्वी रोज थोडी पुढे जाते म्हणून पुन्हा सूर्यासमोर यायला तिला चार मिनिटं जास्त फिरावं लागतं. पुढे जाणंच थांबलं तर ती चार मिनिटं वाचली. नवापूरच्या होड्या पहाटे निघतात, त्यांना ते आपल्याआधी समजेल. वीस दिवसांनी मार्चमध्येच मे महिना. निम्म्या रस्त्यात ऊन चौपट, आणि समुद्राला भरती आणणारी सूर्याची ओढ आठपट. तेव्हाची भरती या शाळेच्या पायरीला नसेल, छपरावर असेल."

मुलं खूश झाली. मग मी बाबांचा नेहमीचा प्रश्न विचारला. "आणि सूर्यात पडायला एकूण दिवस किती?"

दहावीची मुलं, म्हणजे गेल्या वर्षीची नववी, एका सुरात म्हणाली, "ब्याऐंशी!"

ते ऐकायची माझी तयारी नव्हती. मी टेबलावरचं पाणी प्यायले. चारुताबाई माझ्याकडे बघत होत्या. साहेब जमिनीकडे.

"गेल्या वर्षी या फळ्यावर दोन आकडे होते," मी म्हटलं. "दुसरा कोणाला आठवतो?"

कोणाला आठवत नव्हता.

मी पिशवीतून बाबांची एक डाय काढली, लॉकेटवर नाव उठवायची, आणि पहिल्या बाकावर दिली. "वाचा."

मुलांनी ती फिरवून बघितली. "बाई, हे उलटं आहे."

"यातून सोन्यावर जे उठतं ते सुलटं असतं. माझे वडील पंचेचाळीस वर्षं उलटं कोरत होते. गेल्या वर्षी त्यांनी पृथ्वीही तशीच काढली आणि तुम्ही हसलात. हसण्यासारखंच होतं ते. पण पुस्तकातलं चित्र उत्तर ध्रुवाच्या वरून बघितलेलं असतं. दक्षिण ध्रुवाच्या खाली जाऊन बघितलं तर पृथ्वी त्यांनी काढली तशीच फिरते."

पहिल्या रांगेतून एक हसू आलं, छोटं आणि खरं. ते गुंजाळ साहेबांचं होतं.

मग मी दोन मुलींना फळ्यावर बोटं टेकवून उभं केलं, त्यांच्या बोटांना दोरा बांधला आणि खडू फिरवला. गोल, लंबगोल, चपटा, रेघ. मुली हसत लांब सरकल्या तसा दोरा ताठ झाला. माप निम्मं कसं होतं ते दाखवलं आणि केप्लरचा नियम मुलांकडूनच वदवून घेतला. नुकताच झालेला धडा होता. एक अष्टमांश, वर्गमूळ, एकशे एकोणतीस, त्याचे निम्मे. फळ्यावर साडेचौसष्ट लिहिलं तेव्हा सभागृहात कुजबुज सुरू झाली.

साहेब उभे राहिले. "मॅडम, एक शंका. मी जे सूत्र वापरलं होतं ते चुकीचं नाही."

"नाही. मीही तेच वापरलं साहेब. मलाही ब्याऐंशीच आले."

मुलं हसली. साहेब हसले नाहीत.

"मग?"

"त्यात ओढ वाटभर तेवढीच धरली आहे. ती वाढते. त्याच्यापुढचं मला येत नाही, मी इतिहास शिकवते. तुम्हाला येतं."

ते तसेच उभे राहिले. चारुताबाई पुढे येऊन म्हणाल्या, "सर, वेळ झालीच आहे, आपण आभार..." साहेबांनी हातानंच त्यांना थांबवलं, फळ्यापाशी आले आणि माझ्या हातातला खडू मागून घेतला.

पुढचा पाऊण तास मी आयुष्यात विसरणार नाही. त्यांनी फळ्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. आधी मुलांना ऐकू येईल असं बोलत होते, मग स्वतःशीच. एकदा पुसलं, एकदा अर्ध्यात थांबून डोळे मिटले. कॉलेज सोडल्याला चाळीस वर्षं झाली, असं कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. मधल्या सुट्टीची घंटा वाजली. दोनशे मुलांतली फार तर वीस उठली; बाकीची डबे मांडीवर उघडून तिथेच खायला लागली. फळा उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत भरला. साहेबांनी खिशातलं एक पेन काढलं, तळहातावर शेवटचा भागाकार केला आणि फळ्यावर लिहिलं : ६४.५७.

त्यांनी हात झटकले आणि ते मुलांकडे वळले.

"माझं चुकलं होतं," ते म्हणाले, शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात. "कुठे चुकलं ते नीट बघा. निम्मा रस्ता कापायला त्रेपन्न दिवस लागतात. उरलेला निम्मा? बारासुद्धा नाहीत. मी संपूर्ण रस्ता पहिल्या दिवसाच्या हिशेबानं चाललो. प्रताप चुरी यांनी तुम्हाला सांगितलेला आकडा बरोबर होता. आणि त्यांनी तो दोऱ्यानं काढला. मला हा अख्खा फळा लागला."

टाळ्या वाजल्या. टाळ्या चालू असताना ते माझ्या बाजूला सरकून हळू म्हणाले, "मला वर्षभर शंका होती, ताई. पडताळून बघायचं राहून गेलं."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"टाळलं," ते म्हणाले. "तेराव्याला सांगायला आलो होतो. बसून परत गेलो."

"मीसुद्धा टाळलं," मी म्हटलं. "मला त्यांनी विचारलं होतं."

त्यांनी खडू माझ्या हातात परत दिला. ते मला बरं वाटलं.

तेवढ्यात एक मुलगा ओरडला, "सर, मग मंगळ थांबला तर?"

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. "दोऱ्याचा नियम सगळ्यांना तोच! आपलं वर्ष भागिले हे दिवस, पाच पॉइंट सहासष्ट. कुठल्याही ग्रहाचं वर्ष घ्या, तेवढ्यानं भागा. संपलं. बुध घ्या, अठ्ठ्याऐंशी दिवसांचं वर्ष."

वह्या निघाल्या. "साडेपंधरा!" कोणीतरी ओरडलं. ते बरोबर होतं. चारुताबाईंनी मला पलीकडच्या लहान फळ्याकडे ढकललं. "शुक्र तुम्ही घ्या ताई, दोनशे पंचवीस." मी उभ्या उभ्या भागाकार केला आणि लिहिलं : ३७.७५. मुलांनी ते वह्यांत उतरवून घ्यायला सुरुवात केली.

"बाई, चुकलं तुमचं."

आवाज मुलींच्या शेवटच्या बाकावरून आला. एक बारकी मुलगी उभी होती. डबा तिच्या हातातच होता.

"जिवली, खाली बस," चारुताबाई म्हणाल्या. "बाई पाहुण्या आहेत."

जिवली बसायला लागली.

"थांब," मी म्हटलं. "तुझे किती आले?"

"पावणेचाळीस."

"कसे?"

"एकोणचाळीसनं गुणलं. दोनशे वीस नि वर थोडे येतात. चार उरतात. तुमी सदतीसलाच थांबलात."

सभागृहात कोणीतरी खुसखुसलं. मी फळ्यावर पुन्हा मांडलं, सगळ्यांना दिसेल असं, एकेक पायरी. पाच पॉइंट सहासष्ट गुणिले एकोणचाळीस. वजाबाकी. उरले चार पॉइंट सव्वीस. त्याला पुन्हा भागलं. पॉइंट पंचाहत्तर.

"जिवलीचं बरोबर आहे," मी म्हटलं. "माझं चुकलं. ज्यांनी उतरवून घेतलं त्यांनी खोडा."

मी तिला पुढे बोलावलं. ती डबा बाकावर ठेवून, हात फ्रॉकला पुसत आली. मी तिच्या हातात खडू दिला. माझा आकडा तिनं तळहातानं पुसला, तिथे स्वतःचा लिहिला, आणि कोणाला न विचारता खाली मंगळाचे सहाशे सत्त्याऐंशी मांडायला घेतले.